जीभ त्यांची, नाक माझं

आमच्या सरांना व्यसनमुक्तीच्या कवितेचं पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा त्यांच्या घरी, मागच्या खोलीत, वीस लिटर बिअर आंबत होती; आणि ती नीट आंबते आहे की नाही हे हुंगून सांगण्याची जबाबदारी माझ्यावर होती. या वाक्यातली एकही गोष्ट मी ठरवून केलेली नाही.

सर म्हणजे बोरीच्या कॉलेजात माझ्याबरोबर नोकरीला होते ते. ते रसायनशास्त्र शिकवायचे, मी ग्रंथालय सांभाळायचो. स्टाफरूममध्ये सगळेच सर असतात, त्यामुळे तीस वर्षांची दोस्ती होऊनही आम्ही एकमेकांना सरच म्हणतो. निवृत्तीनंतर मी वाचत बसलो. ते पुण्याला लेकीकडे महिनाभर राहायला गेले आणि परत आले ते एक वही घेऊन. जावयानं त्यांना एका हॉटेलात नेलं होतं. तिथं काचेच्या भिंतीमागं मोठमोठ्या भांड्यांत बिअर तयार होते आणि लोक समोर बसून पितात. सरांनी एक ग्लास घेतला आणि पुढचे दोन तास काचेपाशी उभं राहून भांडी पाहिली, असं जावयानं मला नंतर फोनवर काळजीच्या सुरात सांगितलं.

बोरीत बिअर करायची तर ती जवारीची, हे त्यांनी एसटीतच ठरवलं होतं. जवारी भिजवायची, ओल्या पोत्यात बांधून मोड आणायचे, गच्चीवर वाळवायची, लोखंडी तव्यावर थोडी भाजायची, भरडायची, गरम पाण्यात मुरवायची. बाकीचं सामान, म्हणजे यीस्ट आणि कडवटपणासाठीची परदेशी फुलं, कुरिअरनं यायचं. कायद्याचं यावर काय म्हणणं आहे हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं.

भरडण्यावरून एकदा घोटाळा झाला. गिरणीवाल्याला सरांनी तीनदा बजावलं होतं की जाडं भरड पाहिजे. त्यानं पीठ काढून दिलं, भाकरीला लागतं तसं मऊसूत. सर चिडले तर तो म्हणाला, "सर, भरडा जनावराला लागतोय. तुमच्या घरी मी भरडा कसा देऊ? लोक काय म्हंतील मला?" त्या पिठाचं जे झालं ते गाळणीतून उतरेना. ते सरांच्या म्हशीनं खाल्लं आणि तिची काहीच तक्रार नव्हती. त्या दिवशी मी गिरणीवाल्याला पोटभर हसलो. ते हसणं पुढं मला महागात पडायचं होतं.

सरांना एक विशिष्ट वास हवा होता. भाकरी तव्यावरून काढून चुलीतल्या आरावर टाकली की ती फुगते आणि फुगताना एक वाफ सोडते, तो वास. बिअरमध्ये तो वास आणायचा. चौथ्या का पाचव्या खेपेला तो आला. मी पीत नाही, पण त्यांनी ग्लास माझ्या नाकासमोर धरला तेव्हा मला भूक लागली, एवढं मी कबूल करतो. सर त्या दिवशी म्हशीशीसुद्धा बोलत होते.

मग तापाची साथ आली. सर त्यातून उठले, चालायला लागले, जेवायला लागले. वास मात्र परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल. वर्ष गेलं, दुसरं गेलं. डॉक्टर अजूनही येईल म्हणतात, फक्त आता आवाज बारीक करून म्हणतात. जिभेला गोड, आंबट, कडू, खारट कळतं. बाकी सगळं गेलं. मला ही गोष्ट त्यांनी वर्षभर सांगितली नव्हती. एकदा त्यांच्या घरी दूध उतू जाऊन करपून काळं झालं आणि सर शेजारी पेपर वाचत बसले होते, तेव्हा मला कळलं.

"कुणाला बोलू नका," ते म्हणाले. "रसायनचा मास्तर अन् नाक न्हाई. लोक हसतील."

"लोकांना कळतंय कुठं रसायन?"

"म्हणूनच हसतील."

त्यानंतर त्यांनी प्रस्ताव मांडला. पुण्याला घरी बिअर करणाऱ्यांची एक स्पर्धा असते. बाटल्या पाठवायच्या, परीक्षक चाखून मार्क देतात, वर शेरे लिहून पाठवतात. सरांना एकदा त्यात उतरायचं होतं. पण तयार झालं की नाही, बिघडलं की काय, हे नाकाशिवाय कळत नाही.

"जीभ माझी, नाक तुमचं," ते म्हणाले. "तुमी प्यायचं न्हाईच. नुसतं हुंगायचं. हुंगल्यानं विटाळ होतोय असं कुठल्या पोथीत लिहिलंय, दाखवा."

माझं घर गळ्यात लिंग बांधणारं. सकाळी पूजा झाल्याशिवाय आमच्याकडं पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत, तिथं बाकीच्या पेयांचा प्रश्नच नाही. मी स्वतः देवाधर्माबद्दल शंका घेत आयुष्य काढलं. पण शंका घेतानाही दोरा गळ्यातच होता. तरी पोथीत असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी शोधून पाहिलं.

"कशासाठी करायलात पण हे?" मी विचारलं. "वय काय, धडपड काय."

सरांनी मग जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही. "एकदा मार्क मिळू द्या सर. म्हंजे मला कळल, वास गेला पण हात गेला न्हाई. नसता भांडी काढून टाकतो. खामखा खोली अडवून ठेवलीय."

यावर नाही म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही.

कविता त्याच सुमाराला सुरू झाल्या. मी रोज हुंगून वर्णन करायचो आणि सर ते वहीत उतरवून घ्यायचे. 'आज ओल्या कडब्यासारखा.' 'आज उघड्या माळवदावर पहिल्या दिवशी टाकलेल्या डाळीसारखा.' मी आपला सोयीसाठी सांगायचो. ते त्याच्या ओळी करायचे. बिअरवर पस्तीसेक कविता झाल्या. मी त्या तपासायचो. सुरुवातीच्या कवितांत ते सगळ्यांना हाक मारायचे: हे यीस्टा, हे फेसा, हे परदेशी कडू फुला. मी म्हटलं, "सर, कुणालाच हाक मारू नका. कुणी ओ देत नाही." ते ऐकायचे. मास्तर म्हणून होते त्यापेक्षा विद्यार्थी म्हणून ते चांगले होते.

शेवटी एक कविता अशी आली की मला लाल पेन खाली ठेवावं लागलं.

फेस बसला.
ग्लासात उन्हाचा रंग.
मी नाक जवळ नेलं, परत आणलं.
ओळखीच्या दारात जाऊन
कडी वाजवून परत यावं
तसं.

एवढीच. वर नाव: 'ग्लास'.

ती त्यांनी जिंतूरच्या एका कविता स्पर्धेला पाठवली. त्यांनी पत्रकावर शेवटची तारीख वाचली होती. विषय वाचला नव्हता. मी वाचला होता. विषय होता 'व्यसनमुक्ती'. मी सांगितलं नाही, कारण निवड होणार नाही याची मला खात्री होती. चांगल्या कवितेची निवड होत नाही हा माझा तीस वर्षांचा अनुभव, आणि तो नेमका त्या खेपेला दगा देऊन गेला.

कार्यक्रम अकराचा होता, एकला सुरू झाला. समई पेटवायची होती आणि पंखा बंद करायला कुणी तयार नव्हतं, कारण पाहुणे पंख्याखाली बसले होते. दिवस माघातले, थंडी होती. पंखा इज्जतीसाठी चालू होता. अर्धी काडेपेटी संपली. मग स्वागत, मग स्वागताबद्दल आभार, मग ज्यांचं स्वागत राहून गेलं त्यांची माफी आणि स्वागत. अध्यक्ष संस्थाचालक होते. त्यांनी सरांची कविता स्वतः वाचून दाखवली, आणि 'तसं' या शब्दानंतर इतका वेळ थांबले की लोकांना वाटलं पान हरवलं.

"ग्लास!" ते म्हणाले. "बघा बंधूंनो. दारूच्या ग्लासात दारुड्याला काय मिळालं? काही मिळालं न्हाई! दार वाजवतोय, वाजवतोय, पण घरात कोन हाय? बायको-लेकरं माहेरी गेली! आज आपल्या तालुक्याला असा कवी मिळाला, ज्यानं स्वतःच्या अनुभवातून..."

इथं सभागृहानं सरांकडं पाहिलं. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुढच्या खुर्चीच्या पाठीकडं पाहिलं.

शाल, श्रीफळ, सोनेरी रंगाचं प्लॅस्टिकचं दऊत-लेखणीचं स्मृतिचिन्ह. एक अनोळखी म्हातारा सरांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "सुटली ना? सुटली ना पण?" सर म्हणाले, "हो, सुटली." दुसरं काय म्हणणार होते? त्या कवितेत त्यांचं नाक गेलं होतं. सभागृहात कुणालाच ते दिसत नव्हतं, आणि दाखवायचं म्हटलं तर मागच्या खोलीपासून सगळंच दाखवावं लागलं असतं.

बोरीला परत आलो तेव्हा चार वाजले होते. सर शाल न काढताच मागच्या खोलीत गेले. "चला. आज बगावंच लागतंय. उद्या बाटल्यांत भरून परवा पाठवल्या तर पोचतील."

खोलीत निळा ड्रम होता, खाण्याच्या सामानाला वापरतात तसला. उजेड लागू नये म्हणून त्याच्याभोवती पोतं गुंडाळलेलं असायचं. सरांनी खांद्यावरची शाल काढून पोत्यावरून नीट लपेटली. "ऊब बी मिळल," म्हणाले. व्यसनमुक्तीच्या शालीचा याहून चांगला उपयोग मला सुचला नाही. त्यांनी नळी लावून अर्धा ग्लास काढला. रंग सुरेख होता. त्यांनी एक घोट घेतला.

"कडू बराबर हाय. गोडवा गेलाय. आंबट न्हाई. आता तुमी."

मी ग्लास नाकाशी धरला. सरांनी वही उघडली. त्यांच्याकडं दोषांची यादी होती, आणि ती ते हजेरी घेतल्यासारखी वाचायचे.

"सडकं अंडं?"

"न्हाई."

"वल्ला पुठ्ठा?"

"न्हाई."

"उकडलेला मका?"

"न्हाई."

"लोणी, तूप?"

मला तूप आलं होतं. पहिल्याच श्वासाला आलं होतं. दर सोमवारी आमच्या घरी लोणी कढवतात, शेवटी त्यात विड्याचं पान टाकतात, पान तडतडलं की गॅस बंद करतात, आणि त्या ताज्या तुपाची पहिली वात देवापुढं लागते. जन्मल्यापासूनचा वास आहे. माझ्या आईच्या पदराला तो असायचा. तो बिअरच्या ग्लासातून माझ्याकडं वर पाहत होता. मी देव मानत नाही असं चारचौघांत सांगत आलो. तीन तासांपूर्वीच समई पेटेना तेव्हा मनातल्या मनात हसलो होतो. पण ते तूप आणि हा ग्लास एका वाक्यात आणायला माझी जीभ उचलेना. एका शब्दाचं उत्तर होतं. सर पेन धरून थांबले होते.

"न्हाई," मी म्हणालो.

"मग वास कशाचा हाय?"

"चांगला आहे. घरच्यासारखा."

सरांनी वहीत 'घरच्यासारखा' लिहिलं, आणि त्याखाली रेघ मारली.

बाटल्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेल्या. तीन आठवड्यांनी निकाल सरांच्या फोनवर आला. फोन घेऊन माझ्याकडं न येता त्यांनी मला फोन करून बोलावलं, म्हणजे प्रकरण मागच्या खोलीतलं होतं. मी गेलो. ते पलंगावर बसले होते. शेरे इंग्रजीत होते. त्यांनी मला वाचायला लावलं.

पन्नासपैकी एकवीस. रंग उत्तम. फेस उत्तम. कडवटपणा जागच्या जागी. वासात लोणी, ठळक दोष. एका परीक्षकानं खाली जास्त लिहिलं होतं. लोण्याच्या वासाखाली भाजलेल्या धान्याचा एक फार सुंदर वास दबलेला आहे, असा वास आपण आधी कुठल्या बिअरमध्ये घेतलेला नाही. बनवणाऱ्यानं आणखी दोन-तीन दिवस उबेत ठेवून थांबायला हवं होतं. यीस्ट तो लोण्याचा वास स्वतःच खाऊन टाकतं.

मी वाचून फोन परत दिला. बाहेर म्हैस साखळी वाजवत होती.

"तुमाला आला न्हवता?" सरांनी विचारलं.

त्यांनीच मला दार उघडून दिलं होतं. 'नाही' म्हटलं असतं तर माझं नाकही वयानं गेलं असं धरून ते गप्प बसले असते. मी ते म्हणायच्या बेतात होतो.

"आला होता."

"मंग?"

"तुपाचा होता."

"तेच तर इचारलं मी. यादीत व्हतं."

"देवापुढच्या वातीचा वाटला. बिअरला तो कसा म्हणू?"

सरांनी फोन पलंगावर ठेवला. "तुमी तर देव मानीत न्हाई."

"देव नाही मानत. तूप मानतो बहुतेक."

ते हसले नाहीत. मला त्या क्षणी गिरणीवाला आठवला, भरडा द्यायला लाजलेला. त्याला निदान म्हैस तरी होती निस्तरायला.

"दोन दिवस," सर म्हणाले. "दोन दिवसाची बात व्हती. खाली ते व्हतं म्हणतोय तो. भाकरीचं. व्हतं ना?"

"असेल. मी तुपाच्या पुढं गेलोच नाही."

"हात गेला न्हाई मग," ते म्हणाले. मग सावकाश म्हणाले, "नाकच गेलं."

कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

पेला, नळी, वही त्यांनी एकेक करून कपाटात ठेवली. मी उठून मदत करावी की बसून राहावं हे ठरेना. तीस वर्षं पुस्तकं जागच्या जागी ठेवली. इथं कुठली वस्तू कुठं जाते ते मला ठाऊक नव्हतं. ड्रमवरची शाल काढून त्यांनी घडी घातली. मग घडी हातात धरून मला म्हणाले, "सर, कसा असतोय तो?"

"काय?"

"तुपाचा वास. मला आठवंनाच झालंय. भाकरीचा आठवतोय, निदान आठवतोय असं वाटतंय. तुपाचा अजिबात न्हाई. तुमी सांगा की."

मी सांगायला लागलो. खमंग, म्हटलं. ते म्हणाले, खमंग म्हंजे काय? मी म्हटलं, गरम, थोडा गोडसर, थोडा... आणि पुढं काही येईना. ओल्या कडब्याला मला शब्द होते, वाळत्या डाळीला होते. तुपाला एकच शब्द होता, आणि तो तूप हाच होता.

"चला घरी," मी म्हणालो. "आज सोमवार आहे."

बायको स्वयंपाकघरात लोणी कढवत होती. सरांना पाहून तिनं पाट पुढं सरकवला. "या भाऊजी. बक्षिसाचे पेढे न्हाई आणले अजून."

"आणतो वहिनी."

"आणतो आणतो. कविता वाचली मी तुमची. न पिणाऱ्या माणसानं दारूवर लय खरं लिवलंय."

सर मान खाली घालून बसले. तिनं पातेल्यात डोकावूनही पाहिलं नाही. भिंतीकडं तोंड करून डबा पुसत होती, आणि मध्येच म्हणाली, "झालं," आणि पान टाकून गॅस बंद केला. सरांनी मान वर केली. तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांच्या मनात काय आलं ते मला स्वच्छ कळलं. एवढं नेमकं, एवढं बेधडक नाक माझ्याच घरात होतं. पण ते तिला मागायचं कसं, आणि कशासाठी म्हणून सांगायचं?

तूप गाळून झाल्यावर तिनं पातेल्याच्या तळाची बेरी खरवडली, वर साखर घालून दोन वाट्या आमच्यापुढं ठेवल्या. सरांनी बोटानं उचलून तोंडात टाकली.

"कशी झालीय?"

"गोड हाय वहिनी."

"नुसती गोड? साखर टाकल्यावर मातीबी गोड लागंल."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी माझी वाटी नाकाशी नेली. बायको उभी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या हातच्या कुठल्याही पदार्थाला मी नाव ठेवलेलं नव्हतं. ती आमच्या घरची रीतच नाही.

"थोडी करपलीय," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं ते मी लिहीत नाही. सरांनी मात्र घास तोंडातच थांबवला.

"सगळी? का कडंला?"

मी पुन्हा हुंगलं. या खेपेला घाई केली नाही. "कडेला. मधली चांगली आहे."

सरांनी मान हलवली, बोटानं वाटीच्या कडेचं एका बाजूला केलं आणि मधलं खायला लागले. निळा ड्रम त्यांच्याकडं अजून आहे, पालथा घालून ठेवलेला, वर शालीची घडी. तो पुन्हा सुलटा होईल की नाही हे मी विचारलेलं नाही, आणि त्यांनी सांगितलेलं नाही.

"अशी नावं ठिवत बसलात तर उपाशी मराल दोघंबी," बायको म्हणाली आणि माझ्यापुढची वाटी उचलून घेऊन गेली.